चांद्याच्या उन्हातील हिमनदी

पूर्व विदर्भातील चंद्रपूर, म्हणजे जुन्या दप्तरांतील चांदा, हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक तेथील उन्हाळा आणि दुसरा तेथील कोळसा. मे महिन्याच्या उत्तरार्धात तेथील पारा ४६-४७ अंश सेल्सियसपर्यंत चढला, तरी त्या भागातील माणसाला त्याचे नवल वाटत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, विहिरी तळ गाठतात, आणि मृगाचा पाऊस केव्हा येतो याकडे सर्वांचे डोळे लागून राहतात. या मुलखात एके काळी बर्फ होते असे कोणी सांगितले, तर ऐकणारा ती थट्टाच समजेल.

तथापि १८७२ साली याच चांदा भागात, पैनगंगेच्या काठी इरई नावाच्या खेड्याजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना चुनखडीचा एक विलक्षण खडक आढळला. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकमेकींना समांतर अशा लांबच लांब रेघा व चर कोरले गेलेले होते. त्या खडकाच्या वरच्या थरात लहानमोठे गोटे रुतलेले होते. त्यांतील काही गोटेही एका अंगाने सपाट घासलेले आणि तसेच ओरखडलेले होते. खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस फेडन यांच्या नावावर हा शोध जमा आहे. फेडन यांनी १८७५ साली खात्याच्या नियतकालिकात त्याची हकीकत प्रसिद्ध केली.

खडकावरच्या रेघा पाहून एवढे चकित होण्याचे कारण काय, हे समजण्यासाठी हिमनदी कशी वागते ते पाहिले पाहिजे. पर्वतावर साचलेले बर्फ स्वतःच्या भाराने दबून घट्ट होते आणि अतिशय मंद गतीने उताराकडे सरकू लागते. सरकताना ते तळाचे दगडधोंडे उचलून आपल्या अंगात रुतवून घेते. मग सुताराने काचकागदाने फळी घासावी, त्याप्रमाणे ती शेकडो हात जाडीची दगडमिश्रित लादी खालच्या खडकावरून ओढली जाते. बारीक पिठूळ मातीने खडकाला झिलई येते आणि धारदार दगडांनी त्यावर चरे पडतात. ज्या दगडाने चरा पडतो तो दगडही झिजतो. नदीचे काम याहून निराळे असते. नदी दगडाला गडगडत नेते, त्यामुळे तो सर्व बाजूंनी वाटोळा होतो. शिवाय नदी मालाची प्रतवारी करते. मोठे गोटे एकीकडे, वाळू दुसरीकडे आणि गाळ सर्वांत शेवटी, असा तिचा शिरस्ता असतो. हिमनदीला असा विवेक नाही. तिच्या गाठोड्यात मैद्यासारखी माती आणि हत्तीएवढा धोंडा शेजारी शेजारी बसलेले असतात. बर्फ वितळले की ते गाठोडे तेथेच सुटते.

या हकीकतीचा प्रारंभ मात्र इरईच्या खडकापूर्वी सोळा वर्षे, ओरिसातील तालचेर येथे झाला. सर्वेक्षण खाते १८५१ साली सुरू झाले ते काही विद्याव्यासंगासाठी नव्हे. आगबोटींना कोळसा हवा होता, येऊ घातलेल्या आगगाड्यांनाही तो लागणार होता, आणि तो देशात कोठे व किती आहे हे सरकारला जाणून घ्यावयाचे होते. त्याच कामावर १८५६ साली तालचेरच्या कोळसाक्षेत्रात तीन तरुण अधिकारी फिरत होते. विल्यम ब्लॅनफर्ड, त्याचा धाकटा भाऊ हेन्री ब्लॅनफर्ड आणि विल्यम थिओबाल्ड. दोघे ब्लॅनफर्ड बंधू आदल्याच वर्षी हिंदुस्थानात आले होते आणि दोघांनीही वयाची पंचविशी गाठलेली नव्हती. कोळशाच्या थरांच्याही खाली त्यांना हिरवट रंगाच्या अत्यंत बारीक गाळाचा एक खडक आढळला आणि त्या गाळात मोठमोठे गोटे जागोजाग रुतलेले दिसले.

येथेच त्यांची विचारशक्ती अडखळली. इतका बारीक गाळ खाली बसावयाचा तर पाणी अगदी संथ हवे. आणि एवढे धोंडे वाहून आणावयाचे तर प्रवाह अत्यंत प्रचंड हवा. एकाच ठिकाणी, एकाच वेळी या दोन्ही गोष्टी कशा संभवतील? धोंडे पाण्यातून वाहत आले नसून पाण्यावरून तरंगत आले, आणि त्यांना तरंगविणारी वस्तू बर्फाची होती, एवढा एकच मार्ग उरत होता.

त्या तिघांनी तो मार्ग पत्करला, आणि तेही छापील सरकारी अहवालात. याचे मोल सहज लक्षात येणार नाही. वरिष्ठांना अहवालातून कोळशाचा अदमास हवा असतो. त्यात उष्ण कटिबंधातील बर्फाची गोष्ट घालणे म्हणजे आपल्या शहाणपणाविषयी शंका ओढवून घेणे होय. खुद्द युरोपातही लुई आगासी यांनी हिमयुगाची कल्पना १८३७ साली मांडल्याला अजून दोन दशके पुरी झाली नव्हती आणि तिच्याविषयीचे वाद शमलेले नव्हते. म्हणून या तरुणांनी आपले विधान बेताने केले. हिमनदी म्हणण्याऐवजी त्यांनी तळबर्फाचा आधार घेतला. कडक थंडीच्या देशांत नदीच्या तळाशी बर्फ धरते, ते तळाच्या दगडांना चिकटते आणि सुटून वर येताना दगडांसह वाहू लागते. तसे काही येथे घडले असावे, एवढेच ते म्हणाले. फेडन यांनीही आपल्या लेखाच्या मथळ्यात तळबर्फ हाच शब्द ठेवला होता. परंतु इरईची झिलईदार फरशी पाहिल्यावर त्या शब्दात तो विषय मावेनासा झाला. पाण्यातला बर्फाचा तुकडा दगड वाहून नेऊ शकेल, पण पक्क्या चुनखडीवर लांबवर समांतर चर ओढण्यास जमिनीवरून सरकणारे, जडशीळ बर्फच लागते.

पुढील काळात या तालचेर थराचे तुकडे राणीगंजपासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत अनेक ठिकाणी सापडले आणि प्रत्येक ठिकाणी साक्ष तीच निघाली. त्यांतील एक साक्ष दिसावयास अगदी साधी, परंतु मोठी बोलकी आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकात फेल्डस्पार नावाचे, फिकट गुलाबी किंवा पांढरे खनिज असते. उष्ण आणि दमट हवेत ते टिकत नाही, कुजते आणि त्याची चिकणमाती होते. कोकणातला तांबडा जांभा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ऊन आणि पाऊस मिळून खडकाची काय गत करतात हे वेगळे सांगावयास नको. तालचेरच्या वालुकाश्मात मात्र फेल्डस्पारचे कण ताजे, न कुजलेले आढळतात. ते कण मूळ खडकापासून सुटले तेव्हा त्यांना कुजविण्याइतकी ऊब हवेत नव्हती, हाच याचा अर्थ. छत्तीसगडातील मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या काठी याच थराच्या सान्निध्यात सागरी शिंपल्यांचे अवशेष मिळाले आहेत. त्यांत थंड पाण्यात राहणाऱ्या युरिडेस्मा या शिंपल्याचा समावेश आहे. म्हणजे बर्फ वितळू लागल्यावर मध्य भारताच्या पोटापर्यंत गारठलेल्या समुद्राचा एक हात शिरला होता.

हा काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. एवढे ठरल्यावर कोडे सुटावयाचे, ते उलट वाढले. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही अगदी त्याच काळाचे, त्याच घडणीचे गोट्यांचे थर सापडले. आफ्रिकेतील थर ड्वायका या नावाने प्रसिद्ध आहे. हे सर्व प्रदेश आज परस्परांपासून हजारो मैलांवर, मध्ये महासागर पसरलेले, आणि पुष्कळसे उष्ण कटिबंधात किंवा त्याच्या कडेला आहेत. पृथ्वी सरसकट इतकी थंड झाली होती म्हणावे, तर युरोप आणि उत्तर अमेरिका गोठून दगड व्हावयास हव्या होत्या. पण तेथे तर त्याच सुमारास उष्ण दलदलींत दाट अरण्ये माजलेली होती. त्याहून विचित्र गोष्ट बर्फाच्या वाटचालीची. खडकावरच्या चऱ्यांवरून बर्फ कोणत्या दिशेने सरकले ते कळते. भारतात ते ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे गेले, म्हणजे आजच्या नकाशाप्रमाणे विषुववृत्ताच्या बाजूने निघून ध्रुवाच्या बाजूला. दक्षिण अमेरिकेत तर ते समुद्रातून वर चढून जमिनीवर आले असे म्हणावे लागत होते. हिमनदी समुद्रात उतरते हे सर्वांस ठाऊक आहे. समुद्रातून उगम पावणारी हिमनदी मात्र कोणी पाहिलेली नाही.

दुसरीकडून वनस्पतींची साक्ष येऊन मिळाली. तालचेरच्या वरच्या थरांत, म्हणजे आपल्या कोळशाच्या थरांत, जिभेच्या आकाराच्या एका पानाचे ठसे विपुल आढळतात. मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. ग्रीक भाषेतील जीभ या शब्दावरूनच फ्रेंच शास्त्रज्ञ आडोल्फ ब्रॉन्यार यांनी १८२८ साली त्याला ग्लॉसॉप्टेरिस असे नाव दिले. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत सापडते. त्याचे बी वाऱ्यावर उडून महासागर ओलांडील इतके हलके नव्हते. तेव्हा हे प्रदेश कधी काळी जमिनीने जोडलेले असले पाहिजेत, हे मत बळावले. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८७५ साली हिंदी महासागराच्या जागी एक प्राचीन खंड असल्याचे प्रतिपादन केले. सर्वेक्षण खात्यातील मेडलिकॉट यांनी मध्य भारतातील या खडकांच्या मालिकेला गोंडवाना हे नाव योजिले होते. ते उचलून ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ साली त्या लुप्त खंडाला गोंडवानालँड म्हटले. वन आणि लँड ही जोडी एकाच शब्दात आल्याने भाषेच्या जाणकारांनी नाक मुरडले, तर ते वावगे नाही. तरी ज्या गोंड राजांची राजधानी चांद्याला होती, त्यांच्या मुलखाचे नाव असे दक्षिण ध्रुवापर्यंतच्या खडकांना जाऊन चिकटले, याची मौज वाटल्यावाचून राहत नाही.

दक्षिण ध्रुव हा शब्द येथे अलंकारिक नाही. १९१२ साली कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती ध्रुवावरून परतताना बिअर्डमोर हिमनदीच्या काठी थांबले आणि त्यांनी तेथील दगडांचे नमुने गोळा केले. पुढे उपासमारीने आणि थंडीने सर्वांचा अंत झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला, तेव्हा जवळच सुमारे १६ किलो दगड जसेच्या तसे होते. ओझे हलके करण्यासाठी बाकी वस्तू टाकल्या होत्या, हे दगड टाकले नव्हते. केंब्रिजचे प्राध्यापक सीवर्ड यांनी ते तपासून १९१४ साली वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती. राणीगंजच्या खाणीत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात एकच पान!

झ्यूस यांच्या मते मधला खंड समुद्रात बुडाला होता. पण हलक्या खडकांचा एवढा खंड सागरतळाच्या जड खडकांत कसा बुडावा, हे कोणाला सांगता येईना. शिवाय खंड बुडाल्याने वनस्पतींचे कोडे सुटले असते, बर्फाचे सुटले नसते. जमीन जोडलेली असली तरी चांदा विषुववृत्ताजवळच राहणार होता. ही अडचण ज्याने खऱ्या अर्थाने ओळखली तो भूशास्त्रज्ञ नव्हता, हवामानशास्त्रज्ञ होता. जर्मनीच्या आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९१२ साली व्याख्यानात आणि १९१५ साली ग्रंथात असे मांडले की खंड बुडाले नाहीत, ते सरकले. दक्षिणेकडील सर्व खंड नकाशातून कापून ध्रुवाभोवती एकत्र मांडले, की विखुरलेले हिमथर एकत्र येऊन एकच अखंड हिमटोप तयार होतो. चऱ्यांच्या दिशा मग त्याच्या मध्यापासून बाहेर किरणांप्रमाणे पसरतात. समुद्रातून चढणारी हिमनदी नाहीशी होते, कारण तेव्हा तेथे समुद्रच नव्हता. व्हेगेनर यांनी आपले सासरे, विख्यात हवामानतज्ज्ञ व्लादिमीर क्योपेन यांच्यासह १९२४ साली गतकाळातील हवामानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु खंडांना ढकलणारी शक्ती कोणती, या प्रश्नाला त्यांच्याजवळ पटण्याजोगे उत्तर नव्हते. त्यामुळे बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे बाजूस सारले. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचा पक्ष हरल्यासारखाच होता. भारतात मात्र हा विषय मेला नाही. लखनौचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनी यांनी तिसाव्या दशकात ग्लॉसॉप्टेरिसच्या दृष्टीने या मताची गांभीर्याने छाननी केली. १९४९ साली त्यांच्या संस्थेची पायाभरणी झाली तेव्हा पायाच्या शिळेत ठिकठिकाणचे जीवाश्म बसविण्यात आले. त्यानंतर आठवड्याभरातच साहनी निवर्तले.

निकाल लागला तो लोहचुंबकाच्या साहाय्याने. टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवांकडे जावे तशी अधिकाधिक कलते. लाव्हा थिजत असताना त्यातील लोहाचे कण त्या वेळच्या, त्या ठिकाणच्या कलाप्रमाणे चुंबकित होतात आणि मग तसेच अडकून राहतात. म्हणजे प्रत्येक लाव्हाच्या दगडात त्याच्या जन्मस्थानाचे अक्षांश लिहून ठेवलेले असतात. १९५० नंतरच्या दशकात लंडनमध्ये नोबेल पारितोषिकविजेते ब्लॅकेट यांच्या सहकाऱ्यांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी दख्खनच्या काळ्या पाषाणाचे नमुने या रीतीने तपासले. सह्याद्रीचा हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातील कण सांगत होते की तो थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस २५ ते ३० अंशांवर होती. सह्याद्रीचे कातळ दक्षिण गोलार्धात जन्मले! मग त्याच्याही कितीतरी आधी, तालचेरच्या काळी, भारत आणखी दक्षिणेस, ध्रुवाजवळच्या हिमटोपाच्या छायेत होता, हे मानण्यात काय अवघड आहे? १९६० नंतरच्या दशकात सागरतळ मधोमध फाटून पसरतो हे सिद्ध झाले आणि व्हेगेनर यांना न सापडलेली यंत्रणाही हाती आली. गोंडवानापासून सुटलेला भारत उत्तरेकडे धावला, काही काळ वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहूनही अधिक वेगाने. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला आणि त्या धडकेत हिमालय उभा राहिला. आजही तो वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेस सरकतोच आहे.

चांद्याला बर्फ का, याचे उत्तर असे मिळाले. पण त्याच वेळी का, हा दुसरा प्रश्न शिल्लक राहतो, आणि पुष्कळदा तो विसरला जातो. ध्रुवाजवळ जमीन असणे एवढ्यानेच तीवर बर्फ साचते असे नाही. अंटार्क्टिकाही पूर्वी फार मोठा काळ ध्रुवाजवळ राहून हिरवा होता. भूमी कोठे आहे याच्या जोडीला तिच्यावरची हवा कशी आहे, हेही पाहिले पाहिजे.

हवेत नत्र आणि प्राणवायू यांचाच भरणा अधिक. जमिनीची ऊब अडविण्याच्या कामी मात्र हे दोघे निरुपयोगी. ते काम बाष्प आणि शालेय पुस्तकांतील कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, हे करतात. घोंगडीने अंगाची ऊब राहावी तसे हे वायू जमिनीची ऊब धरून ठेवतात. स्वीडनच्या स्वांते आरेनियस यांनी १८९६ साली या वायूच्या घटीवाढीचा तपमानावर होणारा परिणाम हिशोबाने मांडला. तीन वर्षांनी अमेरिकन भूशास्त्रज्ञ टॉमस चेंबरलिन यांनी हिमयुगे हवेतील या वायूच्या कमतरतेने येतात असे प्रतिपादन केले, आणि ते करताना भारत, ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेतील हेच प्राचीन बर्फ त्यांनी विचारात घेतले होते. खंड स्थिर आहेत असे मानूनच ते लिहीत होते, त्यामुळे त्यांचे अर्धे उत्तर चुकणे अटळ होते. उरलेले अर्धे मात्र काळाच्या कसोटीस पुष्कळसे उतरले आहे.

तालचेरच्या आधीच्या युगात जमिनीवर प्रथमच मोठाली अरण्ये वाढली. झाड हवेतून कार्बन घेते आणि मेल्यावर कुजताना परत करते. परंतु विषुववृत्तालगतच्या दलदलींत पडलेली झाडे कुजण्याआधीच गाडली गेली. युरोप-अमेरिकेचा प्रसिद्ध कोळसा तो हाच. कोट्यवधी वर्षे हवेचे देणे असे बुडीत खाती जमा होत गेले. हवेतील कर्बाम्ल वायू उतरून मानवाच्या उद्योगयुगापूर्वीच्या पातळीच्या आसपास आला. सूर्य तेव्हा आजच्यापेक्षा दोनतीन टक्क्यांनी मंद होता. या दोन गोष्टी जुळल्या आणि दक्षिणेकडील भूमीवर बर्फ चढले. पुढे त्या वायूचे प्रमाण पुन्हा वाढत गेले तसे बर्फ मागे हटले. उघड्या पडलेल्या ओलसर, थंड सपाटीवर ग्लॉसॉप्टेरिसची वने उभी राहिली. त्यांच्यापासून झाला तो आपला कोळसा, राणीगंजचा, झरियाचा, तालचेरचा आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातला बल्लारपूर-घुग्घुसचा. इंग्लंडचा कोळसा हे त्या हिमयुगाच्या कारणांपैकी एक, तर चांद्याचा कोळसा हा त्याचा वारसा, असे म्हटल्यास फारशी चूक होणार नाही. खाणीत उतरलेल्या माणसाने कोळशाच्या थराखाली आणखी खोल खणले, तर पुष्कळ ठिकाणी त्याला अखेर तेच ओरखडलेले गोटे लागतील.

वर्धेच्या खोऱ्यातील हा कोळसा आता चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात जळतो आणि त्या विजेवर महाराष्ट्रातील कितीतरी घरांचे दिवे लागतात. याबद्दल चंद्रपूरला दोष देणे शोभणार नाही. जगाने दोनअडीच शतके हेच केले आहे, आणि पुष्कळांनी अधिक केले आहे. पण हिशोब मांडताना आकडे लपवून चालत नाही. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बाम्ल वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मापन सुरू झाले तेव्हा ते ३१५च्या आसपास होते. २०२४ साली ते ४२०च्या पुढे गेले. वनांना जे गाडावयास कोट्यवधी वर्षे लागली, त्याचा मोठा भाग आठदहा पिढ्यांत हवेला परत चालला आहे. खडक झिजताना हा वायू शोषून घेतात हे खरे. दख्खनचा काळा पाषाण आणि हिमालयाचे उघडे कडे हे काम आजही बिनबोभाट करीत आहेत. परंतु त्यांचा वेग लक्षावधी वर्षांचा आहे आणि भट्ट्यांचा वेग दिवसांचा.

तालचेरच्या त्या तिघांपैकी हेन्री ब्लॅनफर्ड यांचे पुढील आयुष्य या संदर्भात पाहण्याजोगे आहे. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी १८६२ साली सर्वेक्षण खाते सोडले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अध्यापक झाले. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले, त्यानंतर हवामानाच्या नोंदींची निकड सरकारला जाणवली, आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले तेव्हा त्याची सूत्रे या माजी भूशास्त्रज्ञाकडे आली. पाठोपाठ १८७६ ते १८७८चा दुष्काळ आला. दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला, लक्षावधी माणसे मेली. पाऊस हुकणार हे आधी कळेल काय, हा प्रश्न आता विद्वत्तेचा राहिला नव्हता. ब्लॅनफर्ड यांनी नोंदी चाळता चाळता एक संबंध हेरला. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडले, की पुढचा पावसाळा क्षीण होण्याकडे कल असतो. बर्फ ऊन परतवून लावते, वितळताना ऊब खाते, जमीन तापावयास उशीर होतो, वायव्येचे कोरडे वारे लांबतात आणि समुद्रावरचे वारे आत येण्यास कचरतात. १८८४ साली त्यांनी हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि १८८६पासून त्या आधारे पावसाचा अंदाज रीतसर प्रसिद्ध होऊ लागला. तरुणपणी ज्याने ओरिसाच्या उन्हात तीस कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाच्या खुणा वाचल्या, तोच प्रौढपणी हिमालयावरील चालू वर्षाच्या बर्फात येत्या जूनचे भविष्य वाचू पाहत होता.

तो नियम एकट्याच्या बळावर टिकला नाही. पाऊस केवळ हिमालयाच्या नव्हे, तर दूरच्या प्रशांत महासागराच्या लहरीवरही अवलंबून असतो हे विसाव्या शतकात गिल्बर्ट वॉकर यांच्या संशोधनातून कळत गेले. बर्फाचा आणि पावसाचा संबंधही दर दशकात सारखा राहत नाही, असे पुढे दिसून आले. परंतु १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली मोसमी पावसाच्या अंदाजासाठी सोळा घटकांचे सूत्र वापरात आले, त्या सोळांत हिमालयावरील बर्फ आणि युरोप-आशियाच्या भूमीवरील बर्फ हे दोन घटक होतेच.